घड्याळाखालची ओळ

(ड्रेस्डेन. विद्यापीठाची संगणक प्रयोगशाळा. ओर्टविन सर, आणि आजच दाखल झालेले यानिस व लेन्का.)

ओर्टविन : ...तर मायक्रोकर्नल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा एवढासा गाभा. त्यानं निरोप पोचवायचे, पाळ्या लावायच्या, बस्स. डिस्क, कळफलक, पडदा सांभाळणारे प्रोग्राम सगळे बाहेर, आपापल्या खोलीत.

यानिस : आणि एखादा मेला तर?

ओर्टविन : मेला तर मेला. बाकीच्यांना धक्का नाही. एक राखणदार सारखा हाका मारत असतो, 'आहेस का?' ओ आली नाही की मेला असं धरून त्याच्या जागी नवा उभा करतो. इथली रीतच आहे, पहिल्या दिवशी एकाला मारून बघायचं. कुणालाही मार. फक्त पडद्यावरच्या त्या घड्याळाला हात लावू नकोस, तोही असाच एक प्रोग्राम आहे.

लेन्का : त्याच्याखाली काहीतरी लिहिलंय. 'पापा, माझ्या वाटणीचा केक संपवू नकोस. आलेच.'

ओर्टविन : माझी लेक, रीके. घड्याळ तिनंच बनवलं. दवाखान्यात जायच्या सकाळी इथं बसून ती ओळ टाकली. परत आलीच नाही. ओळ डिस्कवर कुठेच नाही, त्या चालत्या घड्याळाच्या पोटात आहे तेवढीच. म्हणून हे यंत्र मी कधी बंद करू देत नाही.

यानिस : मग मी आपला पडद्याला मारू? तो बिचारा नुसता चित्रं दाखवतो.

ओर्टविन : मार की.

यानिस : गेला! सगळा अंधार... अजून अंधारच... हां, उठला! सर, भन्नाट आहे हे!

लेन्का : सर, ती ओळ कुठाय?

यानिस : मी घड्याळाला हातसुद्धा नाही लावला! शप्पथ!

ओर्टविन : नाही लावलास. पडद्याला उठायला वेळ लागला. घड्याळ त्याच्या उत्तरासाठी खोळंबून राहिलं, तेवढ्यात राखणदाराची हाक आली. ओ कशी देणार? मेलं असं धरून त्यानं नवं उभं केलं. जिवंत होतं रे ते. नुसतं वाट बघत होतं.

यानिस : असला आंधळा राखणदार लिहिला तरी कुणी?

ओर्टविन : मी.

लेन्का : बसा ना सर. पाणी आणू?

ओर्टविन : पाणी नको गं. पडद्याला मार म्हणालो, तेव्हा सुचायला हवं होतं मला.

यानिस : ओळ पाठ आहे मला. परत टाकतो, जशीच्या तशी.

ओर्टविन : नको रे. ती तू लिहिलेली होईल.

लेन्का : सर...

ओर्टविन : घड्याळ बघ. वेळ बरोबर दाखवतंय?

लेन्का : हो.

ओर्टविन : मग प्रयोगाच्या वहीत लिहून घ्या. काहीही बिघडलेलं नाही.