वरचं खाली, खालचं वर

ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच, बाकावर, शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई आणि कारखान्यात मुकादम असलेला तिचा भाऊ. तिचा नवरा आत होता.

“दादा, मशीनची जाळी तुटलीय, हे ह्यांनी तुला दोनदा सांगितलं होतं.”

“मी वर कळवलं होतं गं.”

“काय कळवलंस?”

“की लोक जरा नाराज आहेत.”

“नाराज? हे म्हणाले होते, ही मशीन कुणाचा तरी हात खाणार!”

“साहेबांपुढे असं बोलता येत नाही.”

“मग साहेब काय म्हणाले?”

“माल निघेपर्यंत मशीन थांबणार नाही.”

“आणि खाली येऊन तू सांगितलंस, साहेब विचार करतायत.”

“दोन्हीकडे सांभाळून घ्यावं लागतं. म्हणून तर मला मुकादम केलं.”

“हो, दोन्हीकडे गोड राहिलास.”

दार किलकिलं झालं. दादा लगबगीने उठून गेला.

“हात वाचवता आला नाही,” डॉक्टर हळूच म्हणाले आणि आत वळले.

दादा परत आला.

“काय म्हणाले?”

“अगं, प्रयत्न चालू आहेत. जरा वेळ लागेल, एवढंच.”

बहीण बाकावरच्या मावशींकडे वळली.

“मावशी, तुम्ही दाराशी होतात. डॉक्टर काय म्हणाले, तुम्हीच सांगा.”