टाकीमागची सात घरं

सिस्टर : सही करते गं, पण आधी बस. एवढी घाई कसली?

विद्यार्थिनी : आज शेवटची तारीख ना, सिस्टर. सगळे पेपर सुटले, प्रकल्प दिला. आता दोनशे तासांचं क्षेत्रकाम आणि साठ घरांची पाहणी, एवढ्यावर तुमची सही राहिलीय. त्याशिवाय सार्वजनिक आरोग्याची पदवी देत नाहीत.

सिस्टर : माहितीय. सकाळपासून जुलाब-उलट्यांचे तीन पेशंट आलेत. तिघंही टाकीमागच्या गल्लीतले. म्हटलं, तू तिथं काय लिहिलंयस बघावं.

विद्यार्थिनी : तो फॉर्म… नंतर बघूया का?

सिस्टर : चोपन्न ते साठ. सातही घरांत ‘पाणी स्वच्छ, आजार नाही’. तारीख बुधवारची. अक्षरसुद्धा एका दमात लिहिल्यासारखं. गेली होतीस?

विद्यार्थिनी : गल्लीच्या तोंडापर्यंत.

सिस्टर : म्हणजे नाही.

विद्यार्थिनी : कुत्री अंगावर आली हो. त्यात चालून चालून पायांचे तुकडे पडले होते. त्रेपन्न घरं खरी आहेत, आईशप्पथ! ही सात मी घरी बसून भरली. तिघांत कोणी लहान आहे?

सिस्टर : चार वर्षांची मुलगी. डोळे खोल गेलेत. सलाईन लावलंय.

विद्यार्थिनी : माझ्यामुळे?

सिस्टर : पाणी तू नाही नासवलंस. पण तू नमुन्यासाठी नळाखाली बाटली धरली असतीस, तर मला बुधवारीच कळलं असतं.

विद्यार्थिनी : वाचेल ना ती? सिस्टर, बोला ना!

सिस्टर : डॉक्टर तिच्यापाशी आहेत. खोटा धीर मला देता येत नाही.

विद्यार्थिनी : कॉलेजला कळलं तर काढून टाकतील. बाबांना काय तोंड दाखवू?

सिस्टर : कॉलेजला तूच सांगायचंस, उद्या. आत्ता त्या बाटल्या घे, क्षार-साखरेची पाकिटं घे. चल.

(टाकीमागच्या गल्लीत, पहिल्या दारापाशी.)

बाई : कोण पाहिजे?

विद्यार्थिनी : दवाखान्यातून आलोय, मावशी. नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. घरात कोणाला जुलाब होताहेत?

बाई : सासऱ्यांना, कालपासून. लाजेनं सांगतच नव्हते. आता हाक मारली तरी ओ देत नाहीत.

विद्यार्थिनी : (आत जाऊन) सिस्टर, नाडी लागत नाहीये मला!

सिस्टर : सरक. आहे, बारीक आहे. मी गाडी बोलावते. तू त्यांना कुशीवर वळव, पाय पांघरुणात घे… हॅलो, टाकीमागं गाडी पाठवा, लगेच. काय? बरं. बरं झालं. अगं, त्या छोटीला लघवी झाली. पाणी मागतेय.

विद्यार्थिनी : खरंच?

सिस्टर : रड नंतर. आजोबांचा हात सोडू नकोस.

बाई : पोरी, आधी का नाही आलात गं तुम्ही?

विद्यार्थिनी : बुधवारी यायचं होतं, मावशी. मीच आले नाही. आल्याचं खोटं लिहिलं.

बाई : (सासऱ्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करते.)

विद्यार्थिनी : मावशी?

बाई : यांना गाडीत घातलं की शेजारी चल. तिथंही दोघं पडून आहेत.