घशातला काफ

माझं माहेर मुरूडच्या खालच्या अंगाला, खाडीकडं, आनि सासर हितं, काशीदच्या अलीकडं, दोन्हीकडं सुपारीच्या वाड्या आनि दोन्हीकडं समुद्राचा आवाज, त्यामुळं लग्न होऊन कुठं लांब आले असं मला वाटलंच न्हाय. शाळा चौथीपर्यंत, ती बी मराठी. कुरान मला कुनी बसवून शिकवलं न्हाय. आई वाडीत सुपाऱ्या सोलायची आनि सोलता सोलता तोंडानं पढायची, मी बाजूला बसून ऐकायची, ते ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलं. आमी कोकनी मुसलमान, बोली आमची तुमच्यासारखीच, अरबी आमच्या तोंडात आली ती हितलं पानी पिऊनच आली, आमाला काय माहीत. मग मी अक्षरं आपली आपन जुळवली. आईचं पढनं कानात व्हतं ते किताबातल्या ओळीवर ठेवत गेले, हे बसतंय, हे न्हाय बसत, असं करता करता मला यासीन वाचता आली. यासीन म्हंजे कुरानातली ती सूरत, तो अध्याय, जी आमी गेलेल्या मानसासाठी पढतो. त्या दिवशी मी आख्ख्या घराला सांदनं करून घातली. काय सांगू तुमाला, आपल्याएवढी शिकलेली बाई गावात कोन न्हाय असंच वाटलं मला.

ती यासीन मला माझ्या पोरासाठी लागेल असं कुठं माहीत व्हतं.

कासम माझा. दोन पोरींच्या पाठीवर झालेला. कुवेतला गेला ड्रायव्हर म्हनून, आमच्याकडं घरटी एक तरी तिकडं असतोच, तसा तो बी. जुम्म्याला, शुक्रवारी, त्याचा फोन यायचा, मी पयलं काय विचारायची तर जेवलास का, आनि तो हसायचा, म्हनायचा आई, दुसरं काय तरी विचार. झोपेतच गेला. छातीत दुखलं म्हनतात, कोनी बघितलं? त्याच्या खोलीतल्या पोरांनी फोन केला. त्याला घरी आनायचं तर कागदांना किती दिवस लागतील ते सांगता येत न्हाय म्हनाले, तिथंच दफन करायचं का ते विचारलं. आमचे हे, कासमचे बाबा, ते म्हनाले तिथंच द्या, ती पाक जमीन हाय. मी भिंतीला टेकून बसलेली, मला कोनी विचारलं न्हाय, आनि विचारलं असतं तर मी काय सांगनार व्हते.

तर बघा, कबर तिकडं. मी बघितली न्हाय, बघनार बी न्हाय आता. आईनं पोराला पाठवायचं काय? इतकी वर्सं लोनचं पाठवलं, सुकं पाठवलं, कोन ना कोन जानारा असायचाच. आता पाठवायला एकच उरलं, पढलेलं. दर जुमेरातीला, गुरुवारच्या सांजेला, मगरिबची नमाज झाली की मी यासीन पढायची, मागून चार कुल पढायची, चार कुल म्हंजे कुल शब्दानं सुरू व्हनाऱ्या चार लहान सुरती, आनि सगळ्याचा सवाब, त्याचं पुन्य, कासमला बख्शायची. ते झालं की मला वाटायचं, पोचलं. त्या एका गोष्टीवर मी उभी व्हते.

मग आपा आली. आमच्या मशिदीतल्या नव्या इमामांची बायको, माझ्या नातीच्या वयाची, पन शिकवनारी म्हनून आमी तिला आपा म्हनतो, म्हंजे ताई, आनि ती मला खाला म्हनते, म्हंजे मावशी. तिनं बायकांसाठी तजवीदचा वर्ग काढलान, तजवीद म्हंजे कुरान बरोबर पढायचे नियम, कुठलं अक्षर तोंडात कुठून काढायचं, कुठं लांबवायचं, कुठं थांबायचं. माझी जाऊ खतीजा म्हनाली चल गं, तुला तर सगळं येतं, तू पुढं बस. मी पुढं बसले. आपा म्हनाली खाला, कुल पढून दाखवा. मी घडाघडा पढले. ती ऐकत राहिली, मग हळूच म्हनाली, खाला, हा मोठा काफ हाय, घशातनं येतो, तुमी छोटा काफ लावताय. मी म्हटलं क तो क, लहानमोठा काय असतो. तर म्हनाली, मोठ्या काफनं कुल म्हंजे सांग. छोट्या काफनं कुल म्हंजे खा.

अल्ला सांगतो सांग, आनि मी इतकी वर्सं म्हनत आले खा.

खतीजाच्या तोंडाला कुलूप न्हाय. भर वर्गात म्हनाली, आपा, ती आई हाय, कुवेतला गेलेल्या पोराला खा न्हाय म्हननार तर काय म्हननार. सगळ्या हसल्या, मी बी हसले. पन घरी येताना वाटभर तेच घोकत आले, सांग, खा, सांग, खा. ते बोल माझे असते तर चाललं असतं हो. ते अल्लाचे बोल, त्यात माझं खा कुठं घालू? आनि पोर निजलंय अरबांच्या देशात, ज्यांना हा काफ जन्मताच येतो. तिथं माझं पढनं कोनत्या तोंडानं पोचलं असेल?

आपा बिचारी चांगली हाय. म्हनाली, अटकत अटकत पढनाऱ्याला दुप्पट सवाब असतो, खाला. मी म्हटलं, आपा, मी अटकत कुठं, मी तर चुकीचं धावत पढते.

मग लागले मागं. मांदेलीचा काटा घशात अडकतो ना, बरोबर तिथनं तो काफ निघतो, हे मला कळलं. चुलीपाशी येतो, वाडीत येतो, खतीजा म्हनते ही बाई दिवसभर कावळ्यासारखी काय करते. पन नमाजीला उभी राहिले की जीभ आपली जुन्या वाटेनं जाते. वरचे दात बी गेले, तर दातांची अक्षरं बी आता हवेत जातात. थांबून पढायला गेले तर पुढचं आठवत न्हाय, आनि न थांबता पढले तर खा.

मागच्या जुमेरातीला यासीन उघडली आनि पढवेना. आपाकडं गेले, म्हटलं माझ्या पोरासाठी आज तू पढ. ती म्हनाली खाला, आईचं ते आईचं, तुमीच पढा. मी म्हटलं न्हाय, एकदा तरी नीट जाऊ दे त्याच्याकडं. ती पढली. काय आवाज, काय एकेक अक्षर सुटं, मी डोळे मिटून बसले. शेवटी तिनं हात वर केलान, दुवेत माझ्या पोराचं नाव घेतलंन. त्याच्या नावात बी तोच मोठा काफ, मला कुठं ठाऊक. तिनं घशातनं घेतलंन, क़ासिम, आनि खरं सांगते, मला वाटलं दुसऱ्याच कोनाच्या पोराचं नाव घेतलं.

मी म्हटलं, आपा, कासम.

ती म्हनाली, तेच तर म्हटलं, खाला.

असंल. तिचंच बरोबर असंल. उद्या परत जुमेरात हाय, मी काय करनार ते मला बी ठाऊक न्हाय. तुमी बसा, चहा घ्या, अल्ला तुमची पोरं तुमच्या डोळ्यांसमोर ठेवो.