चौदावा मजला, नऊ ते अकरा

...आणि वर गॅविन माझ्याच कानाशी लागून विचारतो, "ही कल्पना कुणाची?" आता कुणाची म्हणजे काय, माझीच की! तुम्हाला सांगतो, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण मी चौदाव्या मजल्यावर, तिथं धरणी आणायची कुठून?

झालं काय, बंदराकाठी डॉकलँड्सला या गॅविनची बावीस मजल्यांची इमारत आणि त्यातली ऑफिसं भाड्यानं देणं हे माझं काम. करोना आला, लोक घरी गेले ते गेलेच. पायजम्यात मीटिंगा करायची चटक लागली, ती सुटते होय? आम्ही काय काय नाही केलं! सायकलवाल्यांसाठी अंघोळीच्या खोल्या बांधल्या, भिंतींवर झाडं लावली, पहिली दोन वर्षं भाडं माफ म्हटलं... राहायला आली ती फक्त झाडं. आणि आईला मात्र मी दर रविवारी सांगायचो, "भरलीय गं इमारत, पाय ठेवायला जागा नाही." तीन वर्षं!

मग एका विमा कंपनीच्या बाई जागा बघायला येणार ठरलं. एलेनी कारास. गॅविन म्हणाला, जरा माणसांचा वावर दिसू दे, आणि एवढं बोलून मोकळा झाला. मी आईला फोन केला. म्हटलं, तुझ्या बोल्स क्लबातली तीसेक मंडळी हवीत, मंगळवारी नऊ ते अकरा, कॉम्प्युटरसमोर नुसतं बसायचं, चांगले कपडे घालून या. आईनं का, कशाला, काही विचारलं नाही. तिथंच मला कळायला हवं होतं.

आता हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या माणसाचे चांगले कपडे कोणते? तुम्हीच सांगा! मंगळवारी लिफ्ट उघडली आणि तीस म्हातारी माणसं क्लबाच्या गणवेशात, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, पांढरे बूट, पांढऱ्या टोप्या, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ताट, कारण आमच्याकडे बोलावलंय म्हटल्यावर रिकाम्या हातानं जातं कोण? खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, सॉसेज रोल, अंड्याची सँडविचं... मीटिंगच्या टेबलावर पंगतच मांडली. खजिनदार केथकाकांनी मटणाच्या ट्रेची सोडतही आणलेली, ज्याचा नंबर लागेल त्याला ट्रे, मंगळवारी सोडत असतेच म्हणे. मी म्हणतोय, काका, टोपी तरी काढा, तर ते म्हणतात टोपीशिवाय पोशाख पुरा होत नाही. एवढ्यात लिफ्ट वाजली. गॅविन आणि एलेनीबाई. धरणीनं पोटात... पण चौदावा मजला!

बाई दारातच थबकल्या. केथकाकांनी रीत म्हणून त्यांच्या हातात सोडतीचं तिकीट ठेवलं. त्यांनी विचारलं, "हे हॉस्पिटल आहे का?" मी म्हटलं, "नाही, न... नवीन पद्धतीचं ऑफिस." त्या सरळ माझ्या आईपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तुम्ही इथं काय काम करता? आता आईला खोटं बोलणं जमतच नाही हो.

"मी मुलासाठी बसलेय," आई म्हणाली. "त्याची इमारत रिकामी आहे आणि ते सांगायची त्याला लाज वाटते."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाई मला हळूच म्हणाल्या, आमच्याही सहा मजल्यांवर कुणी येत नाही, म्हणून तर लहानशी, शांत जागा शोधत होते. आणि इथं ही जत्रा! तेवढ्यात केथकाकांनी नंबर पुकारला आणि सोडत लागली कुणाला, तर बाईंनाच. चॉप आणि सॉसेजचा ट्रे घेऊन त्या गेल्या, करार सहीविना राहिला टेबलावर, लॅमिंग्टनच्या शेजारी.

खाली जाताना लिफ्टमध्ये आई माझ्याकडे न बघता बोलली. "ट्राममधून दिवे दिसतात रे मला. तुझ्या इमारतीत चारच खिडक्यांत लागतात. तरी क्लबात मी भरलीय म्हणूनच सांगत आले." पुढचे आठ मजले मी बुटांकडे बघत होतो. तिच्या. पांढऱ्या.

आता गॅविननं माझं टेबल तळमजल्यावर हलवलंय. म्हटलं चला, धरणी तरी जवळ आली... तर खाली दोन मजले पार्किंग. तेही रिकामंच.