भुरीची घंटी

(बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत शहागडला चला. हमरस्त्याच्या कडेला टायर-पंक्चरचं एक दुकान आहे. दुपारचे तीन वाजलेत, गिऱ्हाईक नाही. दुकानाचे मालक गोरक्षनाथकाका आणि त्यांची सहावीतली पुतणी शिवकन्या जुन्या टायरवर बसलेत. मोबाईलच्या वायरचं एक टोक काकांच्या कानात, दुसरं तिच्या. ‘कोरडवाहू’ या रॉक बँडचा नवा अल्बम कालच आलाय. आता आपण गुपचूप ऐकायचं.)

शिवकन्या : संपले, काका. आठही गाणे झाले.

काका : हं.

शिवकन्या : परत लावू?

काका : तीनदा झालं. राहू दे आता.

शिवकन्या : पण घंटी तर आलीच न्हाई.

काका : न्हाई आली.

शिवकन्या : तुम्ही म्हणले होते, हरेक अल्बममध्ये एकदा वाजतेच.

काका : चार अल्बममध्ये वाजली. पहिल्यात गिटार थांबते तिथं. दुसऱ्यात एकदम शेवटाला. मी आधी घंटीच हुडकतो, गाणं मागून ऐकतो. वीस वर्षं हेच करून राह्यलो.

शिवकन्या : ती आपल्या भुरीचीच ना?

काका : भुरीचीच. कळपात सगळ्यात पुढं चालायची ती. घंटी वाजली की बाकीच्या मेंढ्या बराबर मागं. एकदा मी कळप घेऊन आष्टीवरून चाल्लो होतो. बाजाराचा दिवस. हे बँडवाले चौघं टेम्पोवर उभं राहून वाजवत होते. लोक म्हणले, भांडे आपटून राह्यले का काय. सगळे निघून गेले. मी शेवटपर्यंत उभा.

शिवकन्या : आन मेंढ्या?

काका : त्यांना बिलकुल आवडलं न्हाई. पण मी उभा म्हणून त्याबी उभ्या.

शिवकन्या : मंग?

काका : मंग ड्रम वाजवणारा आदिनाथ खाली उतरला. भुरीची घंटी हलवून बघितली. म्हणला, असा आवाज आमच्यापाशी न्हाई. मी तिच्या गळ्यातून सोडून दिली त्याला. तो म्हणला, दर अल्बममध्ये एकदा वाजवीन, तुम्ही ऐकत जा.

शिवकन्या : आजी मारायला धावली असंल.

काका : मारलं असतं तर बरं झालं असतं. आठ दिवस बोलली न्हाई. कळप दोनदा लोकाच्या उसात घुसला. दुसरी घंटी आणतो म्हणलं, तर म्हणे, ज्यानं दिली त्यानं तीच आणावी. अजून तुझा बाप घसा फोडत मेंढ्या हाकतो, ते त्याच्यापायी.

शिवकन्या : गाणे पण वाईट आहेत का, काका?

काका : वाईट न्हाईत. गुळगुळीत आहेत. हे टायर बघ. हात फिरवायला मऊ लागतं, पण रस्ता धरत न्हाई.

शिवकन्या : मला तिसरं आवडलं.

काका : आवडू दे की. त्यासाठी माझ्या तोंडाकडं काय बघायचं?

शिवकन्या : तुम्ही दर वेळी त्यांना पोस्टकार्ड टाकता. ह्या वेळी?

काका : काय लिहू? छान लिहिलं तर खोटं. आवडलं न्हाई लिहायचं, तर हात उचलत न्हाई. दमलो बघ.

शिवकन्या : आणा इकडं कार्ड. तुम्ही सांगा, मी लिहिते.

काका : लिही. सप्रेम नमस्कार. तुमचा नवा अल्बम तीनदा ऐकला.

शिवकन्या : तीनदा ऐकला. पुढं?

काका : पुढं काही न्हाई. पत्ता डब्यातल्या त्यांच्या जुन्या पाकिटावर आहे.

शिवकन्या : एवढंच? घंटीचं न्हाई लिहायचं?

काका : दिलेल्या वस्तूचं विचारायचं नसतं, बाई. थांब, ट्रक आला. मागचं चाक पार बसलंय त्याचं. मी आलो की सही करतो.

शिवकन्या : बरं.

काका : झालं एकदाचं ट्रकचं चाक. दोन खिळे निघाले. आण, सही करू दे.

शिवकन्या : टाकलं मी.

काका : कुठं टाकलं?

शिवकन्या : पेटीत. समोर तर आहे.

काका : बिगर सहीचं?

शिवकन्या : तुमचं नाव मीच लिहिलं. आन खाली थोडं माझं.

काका : थोडं म्हणजे काय?

शिवकन्या : की घंटी वाजवायची नसंल तर परत पाठवा.

काका : शिवे.

शिवकन्या : तुम्ही विचारायचं नसतं. मी कुठं दिली होती?

काका : आणखी काय लिहिलंस?

शिवकन्या : आता चांदी पुढं चालते. ती भुरीची पणती आहे. तिचा गळा मोकळाच आहे.