धुऊन दिलेली बरणी

वेसेला : टीव्ही बंद करा ना, ताई.

योर्दांका : का बंद करू? तुझ्याच नवऱ्याचं चाललंय. तो दाढीवाला आज म्हणतोय, विष मधात होतं. काल पेनाच्या टोपणात होतं. परवा न्हाव्यानं मानेला चोळलं होतं. अख्खा देश रसायनशास्त्रात पहिला आलाय.

वेसेला : मी पाच मिनिटांसाठी आलेय.

योर्दांका : तेवढीच आहेत. चार वाजता तो तपास अधिकारी येतोय माझ्याकडे, कामेन झेलेव. तुला माहीत आहे, म्हणूनच आलीस. नाहीतर दोन वर्षांत माझा उंबरा ओलांडलास कधी? मधे एक भिंत आहे आपल्या, आणि जिन्यात दिसलीस की चावी शोधायला लागतेस.

वेसेला : त्यांना काय सांगणार आहात तुम्ही?

योर्दांका : जे झालं ते. शनिवारी मी तुला बरणी दिली. भाजून सोललेल्या मोठ्या गोड मिरच्या, लसूण, व्हिनेगर. वीस वर्षं देतेय. रविवारी दुपारी अस्पारुख गाडी धुऊन वर आला, जेवला, आणि अर्ध्या तासात जमिनीवर. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. अकरा दिवसांनी गेला.

वेसेला : ते मला सांगू नका.

योर्दांका : तुला नाही, त्याला सांगायचंय. तालीम करतेय. मंगळवारी तू बरणी परत दिलीस. धुऊन, पुसून, आत अक्रोड भरून.

वेसेला : रिकामी कशी देणार? हातांना सवय असते. तो तिकडे नळ्यांमध्ये पडलेला आणि मी इथे बरणी घासत होते. घासताना कळतही नव्हतं मला.

योर्दांका : मीही काही कमी नाही. तीच बरणी घेतली आणि आलुबुखाऱ्याचा मुरंबा भरून ठेवला. गुरुवारी पोलीस आले, म्हणाले, बरणी द्या. मी मुरंबा दिला. हसले नाहीत बिचारे.

वेसेला : तेव्हा तर सगळे म्हणत होते, अन्नातून झालं.

योर्दांका : सगळे कुठे, सरकारी वकील म्हणाले. बाकीच्यांनी ते चघळलं. खालच्या दारावर अस्पारुखच्या मृत्यूचा कागद डकवला होतास ना, फोटोवाला? चाळिसाव्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं, ‘मिरच्यांनी नेला.’ मी थुंकी लावून बोटानं पुसलं. सहाव्या महिन्याचा स्मरणाचा कागद लागला, पुन्हा तेच. वर्षाचा लागला, पुन्हा.

वेसेला : मी पाहिलं होतं.

योर्दांका : पाहिलं होतंस? मग पुसलं का नाहीस?

वेसेला : ताई...

योर्दांका : राहू दे. नातीच्या वाढदिवसाला मी केक केला, एकाही आईनं आपल्या पोराला खाऊ दिला नाही. आमचा म्हातारा बाकावर पत्ते खेळायला जायचा, तो आता खिडकीत बसून पत्ते लावतो, एकटाच. हे सगळं सोसलं मी. गेल्या आठवड्यात परदेशातल्या प्रयोगशाळेनं त्याचं साठवलेलं रक्त तपासलं आणि सांगितलं, लष्करी विष आहे, मज्जातंतू मारणारं. मी देवळात जाऊन दोन मेणबत्त्या लावल्या. वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी बाकावरच्या बायका काय म्हणाल्या माहीत आहे?

वेसेला : हो.

योर्दांका : विष बरणीतूनच गेलं. शेजारणीला फितवलं असणार. म्हणजे आधी मी गबाळी होते, आता खुनी झाले. बढतीच म्हणायची.

वेसेला : टीव्हीवर तर गाडीच्या दाराच्या मुठीचंही बोलतायत. कुणी हातमोजेवाला गॅरेजपाशी दिसला होता म्हणे.

योर्दांका : मूठ पावसानं धुतली, बरणी तू धुतलीस. गाडी भंगारात गेली. आता उरलंय काय? तुझी जबानी. ‘मी त्या मिरच्या खाल्ल्या नाहीत, माझं पोट बरं नव्हतं.’ तुझ्या सहीची.

वेसेला : हो. माझ्या सहीची.

योर्दांका : त्या रविवारी रात्री दवाखान्यात मी तुला मिठी मारली होती, आठवतं? माझ्या खांद्यावर तोंड ठेवून रडलीस तू तासभर. लसणाचा वास येत होता तुझ्या तोंडाला, वेसेला. माझ्या लसणाचा. कच्चा ठेचून घालते मी, तो वास दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही.

वेसेला : तुम्हाला माहीत होतं?

योर्दांका : पहिल्या दिवसापासून. म्हटलं, नवरा मरायला टेकलाय, डोकं ठिकाणावर नाही, येईल आणि सांगेल. तो गेल्यावर चाळीस दिवस वाट पाहिली. मग सहा महिने. मग मला तुझा राग यायला लागला. इतका, की तुझ्या पावलांचा आवाज आला तरी माझे दात आवळले जायचे.

वेसेला : दवाखान्यात एक माणूस आला होता. राखाडी कोटातला, संत्री घेऊन. नाव सांगितलं नाही. म्हणाला, अन्नातून झालंय असं डॉक्टरांचं मत पडतंय, तुम्ही खाल्लं नाहीत हे किती बरं झालं. मी म्हटलं, मी पण... तर म्हणाला, तुम्ही खाल्लं नाहीत. अगदी हळू आवाजात. मग विचारलं, मोमचिल कसा आहे? कारखान्यात तिसऱ्या खात्यात आहे ना? बंदुकीच्या गोळ्यांत दारू भरतात तिथे. फार जपायला हवं, म्हणाला, एवढ्याशा ठिणगीनं माणसं जातात.

योर्दांका : आपल्या मोमचिलचं नाव घेतलं?

वेसेला : कोणत्या पाळीला असतो तेही माहीत होतं त्याला. अस्पारुख त्याच कारखान्यात माल तपासायचा, कुठल्यातरी कागदावर सही करत नव्हता, एवढंच मला ठाऊक आहे. नवरा हातचा गेलाच होता. मुलगा उरला होता. मी तुमचा बळी दिला, ताई. विचार करून दिला. आजही मी तेच मागायला आले होते, की लसणाचं, माझ्या खाण्याचं काही बोलू नका.

योर्दांका : अजून तिसऱ्याच खात्यात आहे तो?

वेसेला : दुसरं काम कुठे आहे या गावात?

योर्दांका : पहिला दात पडला तेव्हा माझ्या बाल्कनीच्या पत्र्यावर फेकायला आला होता तो. आमच्या बाल्कनीचा पत्रा चांगला नाही, म्हणाला.

वेसेला : तुम्ही काय करणार आहात?

योर्दांका : काय करणार? मला काही आठवत नाही. म्हातारी बाई आहे मी. लसूण नाही, वास नाही. म्हणू दे त्यांना काय म्हणायचं ते. पुरावा थोडाच आहे माझ्यावर.

वेसेला : तुम्हाला घेऊन जातील, ताई.

योर्दांका : नेऊ दे. तिथे तरी माझ्या हातचं खायला कुणी नाही म्हणणार नाही. डोळे पूस. आलाच तो.

(दारावरची घंटा वाजते. योर्दांका दार उघडते.)

कामेन : नमस्कार. झेलेव. वेळेवर आलो ना? बाई, तुम्हीही इथे?

योर्दांका : शेजारीण आहे, मीठ मागायला आली होती. निघालीच. जा ग.

कामेन : बसल्या तरी चालेल. मी फार वेळ घेणार नाही. खरं सांगू का, माझ्या टेबलावर चौदा तर्क आहेत आणि त्यातले बारा टीव्हीचे आहेत. बारा मी खोडले. तेरावा गाडीच्या मुठीचा, चौदावा तुमच्या बरणीचा. त्या बरणीतलं आणखी कुणी खाल्लं असेल आणि त्याला काही झालं नसेल, तर चौदावाही गेला. कुणी खाल्लं होतं का?

योर्दांका : नाही. मला तरी माहीत नाही.

कामेन : नीट आठवा. वरचे लोक सोमवारी माझ्याकडे एक नाव मागणार आहेत, आणि सध्या ते तुमचंच आहे.

योर्दांका : आठवून काय होणार? नाही म्हटलं ना.

वेसेला : मी खाल्लं.

योर्दांका : वेसेला, तू घरी जा.

कामेन : बाई, तुमची सही असलेली जबानी माझ्याकडे आहे. विचार करून बोला. पुन्हा बदलता येणार नाही.

वेसेला : ती खोटी होती. नवी लिहा. आणि सुरुवातीला माझ्या मुलाचं नाव लिहा. मोमचिल, तिसरं खातं. त्याचं नाव घेऊन मला कुणी, कुठे, काय सांगितलं, ते सगळं आधी, म्हणजे त्याला काही झालं तर कुणी केलं ते सगळ्यांना कळेल. उद्या टीव्हीवरचा तो दाढीवाला बोलावेल तर तिथे जाऊनही हेच सांगेन.

कामेन : लिहितो. पण आधी हे सांगा, किती खाल्लंत?

वेसेला : त्यानं दोन खाल्ल्या, मी तीन. आणि ताटात राहिलेला रस पावानं टिपून मीच खाल्ला.