माणिकसरांचा तास रिकामा आहे

प्राचार्य साहेब, शकुंतलाअक्का, सरांची मुलं, खटकचिंचोळीहून आलेली त्यांची भावकी, माझे सहकारी, आणि मागं भिंतीला टेकून उभी असलेली माझी लेकरं.

पुढं या रे. खुर्च्या रिकाम्या आहेत. आजच्या दिवशीसुद्धा मागंच उभं राहायचं का? या. बसा.

मला बोलायला सांगितलंय. दिवसभर बडबड करणारी बाई मी, पण आज दोन वाक्यं जुळवायला सगळी सकाळ गेली. बाहेरगावच्या मंडळींना सांगते, मी शिवलीला. या कॉलेजात कन्नड शिकवते. माणिकसर मराठी शिकवायचे. आमचे वर्ग शेजारीशेजारी, मधली भिंत एकच. माझा आवाज चढला की तिकडनं सर भिंतीवर टकटक करायचे. आणि सरांचा वर्ग हसायला लागला की माझी पोरं माझ्याकडं बघायची, जणू मीच त्यांना कोंडून घातलंय.

गेल्या सोमवारी सरांच्या छातीत दुखायला लागलं. बीदरला नेलं. सर परत आले नाहीत. एवढंच झालं. पण एवढंच तोंडातून काढायला मला आज उभं राहावं लागतंय.

माझी मराठी माझ्या माहेरगावची, निंबर्ग्याची आहे. घरात आई कन्नड बोलायची, दुकानात अप्पा गिऱ्हाइकाशी मराठी बोलायचे, त्यातनं जमलेली. चुकलं तर सांभाळून घ्या. सर नेहमी सांभाळून घ्यायचे. मला अक्का म्हणायचे. वयानं ते मोठे, पण अक्काच. आणि ही अक्का त्यांच्याशी रोज भांडायची.

कशावरून? हजेरीवरून. दुसरं काय असणार?

लेकरांनो, तुम्हाला ठाऊक आहे मी कशी आहे. गैरहजर म्हणजे गैरहजर. तुम्ही सकाळी घरून डबा घेऊन निघता, बसच्या पायरीवर लोंबकळत शहरात येता, आणि येऊन कुठं बसता? स्टँडसमोरच्या हॉटेलात. एक चहा तिघांत, आणि तीन मोबाईल तिघांचे. विचारलं की उत्तर तयार. "मॅडम, सगळं मोबाईलवर मिळायलंय, तासाला कामून बसायचं?" तुमच्या आईनं पहाटे उठून भाकरी थापली ती हॉटेलात बसून खायला का रे? मला राग येतो. आजही येतो. आज सर गेलेत म्हणून मी हे गोड करून सांगणार नाही.

आणि मराठीच्या तासाचं तर विचारूच नका. आपल्याकडं एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. घरात मराठी बोलतो ना, मग भाषेचा पेपर मराठी घ्यायचा. सोपा आहे. आणि घरात बोलतोच ना, मग तासाला कशाला जायचं? सर म्हणायचे, "अक्का, तुमच्याकडं पोरं भीतीनं येत्यात. माझ्याकडं न यायला कारण घरूनच घेऊन येत्यात."

मग परीक्षा यायची, आणि मग पेपर यायचे. एका पोरानं पानभर उत्तर लिहिलं होतं, जसंच्या तसं घरचं. "कवी हितं असं म्हणायलाय की मला लई वाईट वाटायलंय." मधे दोन शब्द कन्नडचे, कारण मराठीतले आठवले नसतील. सरांनी तो पेपर स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, "अक्का, बघा, ह्याला कविता कळलीय. एकदम बरोबर कळलीय. पण बाहेरचा तपासणारा ह्याला नापास करणार." मग त्या पोराला बोलावून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बोलतूस झकास. आता लिहायला शिकायला ये. घरची भाषा घरीच ठेव, टाकू नको. ही दुसरी मी देतो."

तो पोरगा यायला लागला. सगळे आले नाहीत. सगळे कधीच येत नाहीत.

सर म्हणायचे, मन लागलं की पोरं आपोआप वर्गात येतील. माझं म्हणणं साधं होतं. मी म्हणायची, "सर, मनाचं राहू द्या. आधी अंग तर वर्गात येऊ द्या. अंग आलं की मन मागनं येतंय." सर चहा फुंकत बसायचे. मग हळूच म्हणायचे, "आणि अंगच रानात अडकलं असंल तर, अक्का?"

हे त्यांचं म्हणणं मला कळलं ते महादेवीमुळं.

महादेवी, कुठं आहेस? हां, बस, बस, उठू नको. लेकरू झोपलंय मांडीवर.

महादेवी ठाणाकुशनूरची. वर्गात पुढच्या बाकावर बसणारी पोरगी. आणि ऐन पावसाळ्यात यायची बंद झाली. मूग तोडणीला आले होते. पाऊस डोक्यावर, मजूर मिळेना, घरात मोठी तीच; मूग झाले तरी रानातलं काम संपेना. सेमिस्टर संपत आलं तेव्हा हजेरी कमी भरली. कन्नडची माझ्याकडं कमी, मराठीची सरांकडं कमी. नियम नियम आहे, परीक्षेला बसता येणार नव्हतं. तिचे वडील व्यंकटराव कॉलेजात आले. भांडायला नाही आले बिचारे. रुमाल हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "परीक्षेला बसू देत नसताल तर राहू द्या. वर्ष वाया घालवून कामून शिकवायचं? उदगीरचं स्थळ आलंय. लगीन लावून टाकताव."

पोरगी दाराबाहेर उभी होती. तिनं ऐकलं सगळं.

मी सरांना म्हणाले, तुम्ही हजेरी लावून टाका, मीही लावते, कुणाला कळणार आहे? व्हय, मी म्हणाले. हजेरीवरून सगळ्या कॉलेजाला पिडणारी मी, त्या दिवशी असं म्हणाले. सर म्हणाले, "न्हाई अक्का. खोटी हजेरी लावणार न्हाई." मला वाटलं, आता संपलं. मग म्हणाले, "तास खरा घेतो. ती येऊ शकत न्हाई, तर आपून जाऊ."

आणि त्या रविवारी आम्ही ठाणाकुशनूरला गेलो. त्यांची मोटरसायकल, मागं मी, पदर खोचून. गावच्या शाळेच्या ओट्यावर बसलो. महादेवी रानातून आली, हाताला मातीचा वास, नखं काळी. तिच्याबरोबर त्या बाजूची अजून काही पोरं आली, ज्यांची हजेरी तशीच कमी होती. कुणी बोलावलं नव्हतं, बातमी गेली असावी. सरांनी मराठीचा तास घेतला. पूर्ण. घड्याळ लावून. मग मी कन्नडचा घेतला. व्यंकटराव ओट्याखाली उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, "एवढं सगळं असतंय व्हय कॉलेजात?"

अहो, त्यांना ठाऊकच नव्हतं आत काय असतं. कोण सांगणार? आम्हीही कधी गेलो नव्हतो.

नंतरच्या रविवारीही गेलो. त्याच्या पुढच्याही. प्राचार्य साहेब, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही विचारलं होतं, हे रविवारचे तास कशात बसवायचे? सर म्हणाले होते, "तास झालाय का न्हाई एवढंच विचारा, साहेब. झालाय. पोरं होती, मी होतो, धडा होता." तुम्ही जादा तास म्हणून मंजूर केलंत. आज सगळ्यांसमोर तुमचे आभार मानते.

महादेवी परीक्षेला बसली. पास झाली. लग्न त्या वर्षी टळलं, डिग्री पूर्ण झाली, मग लग्न झालं, उदगीरलाच. मोठी कुणी झालेली नाही ती. लेकरू सांभाळत बी.एड. करायलीय. सकाळी मला म्हणाली, "मॅडम, लेकराला सासूजवळ ठेवून कॉलेजला जातेय. एखाद्या दिवशी जाऊ वाटत न्हाई. मग सर आठवतात, ठाणाकुशनूरला आलेले. मग जाते." आणि रडायला लागली. मीही रडले. काय करणार?

शकुंतलाअक्का, दर रविवारी तुमच्या मालकांना घेऊन जायची, त्याबद्दल तुमची क्षमा मी तेव्हाच मागितली होती. तुम्ही म्हणाला होता, "त्येंना घरी बसवून बघा, दुपारपर्यंत माझं डोकं खात्यात. न्या तुम्ही." आणि पिशवीत शेंगाची चटणी आणि भाकरी बांधून दिली होती. सरांच्या त्या तासांत तुमचाही वाटा आहे, अक्का. आम्ही कधी बोललो नाही, पण आहे.

आता जे सांगायला खरं उभी राहिले ते सांगते.

सरांचा दहाचा तास सोमवारपासून रिकामा आहे. मी भिंतीच्या अलीकडून ऐकते. पहिल्या दिवशी पोरं आली, दारातून आत बघितलं, परत गेली. दुसऱ्या दिवशी थोडी आली. काल कुणीच आलं नाही. नवीन माणूस मिळायला वेळ लागणार. आणि पोरं येईनात असं दिसलं तर ऑफिस म्हणणार, मराठी बंद करा, त्यांना दुसऱ्या विषयात घाला. साहेब, तुम्ही असं अजून म्हणाला नाहीत, हे मला माहीत आहे. पण आपल्याकडं असंच होतं. वर्ग एकदा बंद झाला की परत उघडत नाही. सरांनी सगळं आयुष्य ज्या तासासाठी घातलं, तो आपण महिन्याभरात घालवून बसू.

म्हणून, साहेब, माझी विनंती आहे. नवीन माणूस येईपर्यंत तो तास मला द्या. माझा त्या वेळचा तास मी दुपारी घेईन. मला मराठी शिकवता येत नाही. खरंच येत नाही. पण मी त्या वर्गात बसेन. पोरं धडा वाचतील, मी ऐकेन. अडलं तर सरांकडंच मराठी शिकलेल्या महादेवीला उदगीरला फोन लावू. लावू ना गं?

मान हलवली बघा तिनं.

आणि लेकरांनो, तुम्ही. तास बुडवायचा की तासाला बसायचं, हा तुमचा रोजचा प्रश्न आहे ना? माझं उत्तर बदललेलं नाही. बसायचं. यायचं. हॉटेलातला चहा तास संपल्यावरही गरमच मिळतो. पण आज अजून एक सांगते. कुणाला खरंच येता येत नसेल, रानात काम असेल, घरात आजारपण असेल, घरचे पाठवत नसतील, तर गप्प बसून नाव कापून घेऊ नका. मला येऊन सांगा. मी येईन तुमच्या गावी. मला मोटरसायकल चालवता येत नाही, बसनं येईन. पण येईन. सर जायचे, आता मी जाणार.

काय म्हणालास बसवराज? उठून बोल. मोठ्यानं. "येताव, मॅडम." सगळे? बरं. उद्या दहाला बघते.

आता सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. ज्यांना सर ठाऊक होते त्यांनी सरांना आठवा. ज्यांचे तास चुकले, त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, नुसतं उभं राहा.

सर, आमच्या घरात मोठ्यांना नमस्कार करताना असंच म्हणतात. शरणु शरणार्थी.